सूनबाईंना वाटतं, पिझ्झासाठी जाता

वाचकाचं पत्र

स. न. वि. वि.

मी मूळचा नाशिकचा, वय ६४, बँकेतून निवृत्त. पत्नीच्या निधनानंतर मुलाकडे ॲरिझोनात, चँडलरला राहतो. गेल्या वर्षी नातीच्या वाढदिवसाला शेजारच्या मेसा गावात ‘ऑर्गन स्टॉप पिझ्झा’ नावाच्या हॉटेलात गेलो होतो. जेवता जेवता जमिनीतून एक अवाढव्य वाद्य वर आलं. वाजवणारा एकटा, पण चहूबाजूंनी अख्खा ऑर्केस्ट्रा! तेव्हापासून वेड लागलंय. नातीला नुकतंच लायसन्स मिळालंय, ती आठवड्यातून एकदा मला सोडते. मला मधुमेह आहे आणि सुनेला वाटतं मी पिझ्झासाठी जातो, त्यामुळे घरात कुरबूर. मंडळातले एक जाणकार स्नेही म्हणतात, ‘ही सर्कस आहे. सूर सारखा हलतोय, याला काय संगीत म्हणायचं?’ मला पेटी बऱ्यापैकी वाजवता येते. हा छंद पुढे कसा न्यावा? काय ऐकावं? या वयात शिकता येईल का? इथे जाहिरातींत जुने ऑर्गन चक्क फुकट मिळतात. एक आणून गॅरेजमध्ये ठेवावा असं मनात आहे, पण मुलगा साफ नाही म्हणतो.

— एक छांदिष्ट, चँडलर

उत्तर

काका, नमस्कार.

घरची कुरबूर आधी मिटवू, ती सगळ्यात सोपी. पुढच्या वेळी सूनबाईंना सोबत न्या. वाढदिवसाला त्या असतीलच, पण दहा-बारा पोरांच्या ताटात काय पडतंय आणि काय सांडतंय हे बघणाऱ्या बाईला कोण काय वाजवतंय याचा पत्ता असायचं कारण नाही. घरून भाजी-भाकरी खाऊन निघा, तिथं सॅलड नाहीतर बिनसाखरेची कॉफी घ्या. काहीतरी मागवा मात्र नक्की. तिथं ऐकण्याचं वेगळं तिकीट नसतं. ऑर्गनचा आणि वाजवणाऱ्यांचा खर्च पिझ्झ्यातूनच निघतो. नुसतं ऐकून उठून यायचं, हे आपल्याला शोभत नाही.

आता तुमचे स्नेही. ते निम्मे बरोबर आहेत, म्हणून त्यांच्याशी वाद घालण्यापेक्षा त्यांचं म्हणणं नीट उलगडून बघू. त्यातच तुमच्या ‘काय ऐकावं’ या प्रश्नाचं उत्तर आहे.

ऑर्गन म्हटलं की आपल्या लोकांच्या कानात संगीत नाटकातला ऑर्गन वाजतो, बालगंधर्वांच्या मागचा. तो पायानं भाता चालवायचा, रीडचा, म्हणजे हवेनं थरथरणाऱ्या धातूच्या जिभेचा, पेटीच्याच कुळातला. त्यात पाइप नसतात. चर्चमधल्या ऑर्गनला पाइप असतात, पण त्याचा स्वभाव गंभीर. तुम्ही ऐकलात तो तिसराच, थिएटर ऑर्गन. याचा जन्म देवळात झाला नाही आणि मैफलीतही नाही. तो सिनेमाच्या थिएटरात झाला, तोही पडद्यावरची माणसं बोलत नव्हती तेव्हा. आपल्याकडे मूकपटाला पडद्याजवळ पेटी-तबला असायचा. अमेरिकेत लहान थिएटरात पियानो, मोठ्या थिएटरात वाद्यवृंद. दिवसाला तीन-चार खेळ, प्रत्येक खेळाला पंधरा-वीस वादकांचे पगार. थिएटरच्या मालकाला एकाच माणसात सगळं बसवणारं वाद्य मिळालं तर तो ते सोडेल कशाला?

ते वाद्य ज्याच्या डोक्यातून निघालं तो रॉबर्ट होप-जोन्स, इंग्लंडचा, मूळचा टेलिफोन इंजिनीअर. ऑर्गनमध्ये पट्टीपासून पाइपापर्यंत काठ्या आणि तारा जोडलेल्या असायच्या. त्यांच्या जागी वीज आणणाऱ्यांत तो आघाडीवर होता. पट्टी दाबली की सर्किट पूर्ण होतं, पाइपाखालचं छोटं चुंबक जागं होतं, चामड्याची इवलीशी पिशवी रिकामी होते आणि झडप उघडून पाइपात हवा शिरते. एकदा हे साधलं, की वाजवणारा कुठंही बसू शकतो आणि पाइप कुठंही ठेवता येतात. मेसामध्ये तुमच्यासमोर जमिनीतून वर येतो तो फक्त कन्सोल, म्हणजे वादक जिथं बसून वाजवतो तो भाग. ऑर्गन आहे तो काचेमागच्या खोल्यांत, भिंतींवर, छताखाली. १९०३ साली होप-जोन्स अमेरिकेत गेला, १९१० साली आपली पेटंटं घेऊन न्यूयॉर्क राज्यातल्या नॉर्थ टोनावांडाच्या वुर्लिट्झर कंपनीत दाखल झाला. कंपनीशी त्याचं पटलं नाही. १९१४ साली त्यानं आत्महत्या केली. पुढं त्याच्याच कल्पनेवर वुर्लिट्झरनं दोन हजारांहून जास्त ऑर्गन बनवून विकले. हे यश बघायला तो राहिला नाही.

त्याची दुसरी करामत पेटीवाल्याला पटकन कळेल. तुमच्या पेटीत खर्ज, नर आणि मादी अशा रीडच्या वेगवेगळ्या रांगा असतात. होप-जोन्सनं पेटी बनवली असती तर त्यानं एकच लांबलचक रांग ठेवली असती आणि विजेच्या जोडणीनं तीच रांग खर्जातही वापरली असती, मध्यातही आणि तारातही. एका कीबोर्डला ६१ पट्ट्या. तेवढ्याच पाइपांच्या रांगेला वरच्या तीन सप्तकांचे आणखी ३६ जोडले की ९७ पाइपांत चार सप्तकांच्या उंचीवर एकच रंग मिळतो, आणि तो कुठल्याही कीबोर्डवरून, पायाखालच्या पट्ट्यांवरूनसुद्धा वाजवता येतो. या रांगेला रँक म्हणतात. या मंडळींच्या बोलण्यात ‘थ्री-फोर्टीन’, ‘फोर-फिफ्टीएट’ असे आकडे येतील, तेव्हा बिचकू नका. पहिला आकडा कीबोर्डांचा, दुसरा रँकचा. इंग्लंडमधल्या ब्लॅकपूलच्या टॉवर बॉलरूमचा वुर्लिट्झर ३/१४, न्यूयॉर्कच्या रेडिओ सिटी म्युझिक हॉलचा ४/५८. चर्चच्या ऑर्गनवाले या काटकसरीला नाक मुरडतात, आणि त्यांचंही चूक नाही. दोन वेगळ्या स्वरांनी एकाच वेळी एकच पाइप मागितला तर तो एकदाच वाजणार, त्यामुळे नीट न वाजवल्यास भरगच्च वाटणारा नाद आतून पोकळ निघतो.

आणि सर्कस? घंटा, झांजा, ढोल, पक्ष्याची शीळ, आगगाडीची शिट्टी, घोड्याच्या टापा, दाराची बेल. या सगळ्याला ‘टॉय काउंटर’ म्हणतात, आणि हे सगळं मूकपटासाठी होतं. पडद्यावर दार वाजलं तर थिएटरात बेल वाजायला हवी. ही खरी वाद्यं आहेत, हवेच्या दाबानं वाजणारी, रेकॉर्डिंग नव्हे. पिझ्झाच्या हॉटेलात पोरं हीच मागतात आणि वादक देतो. एका संध्याकाळी चार वेळा आगगाडी ऐकली की मलाही ती सर्कसच वाटते. पण त्यावरून या वाद्याची किंमत ठरवायची म्हणजे लग्नाच्या वरातीत ऐकून क्लॅरिनेटवर निकाल देण्यासारखं झालं.

‘सूर हलतो’ हा आक्षेप जास्त वजनदार आहे. हिंदुस्थानी संगीतावर पोसलेल्या कानाला सतत थरथरणारा सूर टोचतो, कारण आपल्याकडे आंदोलन ज्या स्वराला द्यायचं त्यालाच देतात, सरसकट सगळ्यांना नाही. थिएटर ऑर्गनमध्ये ट्रेम्युलंट नावाचं यंत्र हवेचा पुरवठाच हलवतं, सेकंदाला साधारण सहा-सात वेळा. त्यात सुराची उंची आणि मोठेपणा दोन्ही हेलकावतात. ही नुसती हौस नव्हती. चर्चला दगडी भिंती आणि उंच छत, तिथं सूर घुमतो. सिनेमागृहात गालिचे, मखमली पडदे, गादीच्या खुर्च्या आणि खच्चून भरलेली माणसं, सगळा घुमारा शोषला जातो. शिवाय इथं हवेचा दाब चढा. तो किती इंच पाणी वर ढकलतो त्यावर मोजतात; चर्चच्या ऑर्गनला तीन-चार इंच पुरतात, इथं दहा इंच नेहमीचे, काही रँकना पंधरा, पंचवीससुद्धा. अशा कोरड्या खोलीत एवढ्या जोरानं निघालेला सूर सपाट, काठीसारखा लागतो. ट्रेम्युलंटनं त्यात ऊब आली. स्नेह्यांना एवढंच सांगा, की चांगला वादक ट्रेम्युलंट बंदही करतो. एखादा तुकडा स्थिर सुरात वाजवून मग हलता सूर आणला की त्या हलण्याला अर्थ येतो. वादक त्या बटणाकडे कधी वळतो, ते बघा. संपूर्ण संध्याकाळ एकदाही वळला नाही, तर स्नेह्यांचं म्हणणं त्या दिवसापुरतं मान्य करून टाका.

आता ऐकायचं कसं ते. तुम्ही आत्ता सगळं एकदम ऐकताय, म्हणून भारावून जाताय, आणि घरी आल्यावर हाती काही राहत नाही. एका खेपेला एकच गोष्ट धरा.

पहिली टिबिया. टिबिया क्लाउसा ही रुंद, लाकडी, वरून बंद असलेली बासरी. बंद पाइप त्याच्या लांबीच्या उघड्या पाइपापेक्षा एक सप्तक खाली बोलतो, त्यामुळे आखूड पाइपातूनही खोल सूर येतो. तो पोकळ, गोल, किंचित उसासा टाकल्यासारखा आवाज म्हणजे टिबिया. थिएटर ऑर्गनची ओळख तीच. तिच्या जोडीला व्हॉक्स ह्युमाना, आखूड पाइपांची, नाकातून गुणगुणल्यासारखी. ही दोन एकत्र आली की १९२०च्या दशकातलं हळवं प्रेमगीत तयार. संथ गाणं लागलं की उजव्या हाताकडे कान लावा, ती बहुतेक वेळा टिबियाच असते.

ती ओळखता आली की डावा हात धरा. तो सगळ्यात खालच्या कीबोर्डवर, अकम्पनिमेंटवर, कॉर्ड, म्हणजे एकदम दाबलेले तीन-चार सूर, भरत असतो. इथं एक गंमत आहे. त्या कीबोर्डची पट्टी नेहमीसारखी दाबली की एक रंग येतो, आणि तीच आणखी जोर लावून खाली रेटली की दुसरा रंग त्यात मिसळतो. याला सेकंड टच म्हणतात. तरबेज माणूस डाव्या हाताच्या चार बोटांनी साथ देत असताना त्यातलंच एक बोट दाबून आतून एक वेगळी सुरावट बाहेर काढतो. कन्सोलच्या डाव्या बाजूला बसायला मिळालं तर हे बोट दिसतं.

मग पाय. डावा पाय खर्ज वाजवतो, उजवा पाय बहुतेक वेळ एका पेडलवर असतो. ते पेडल पाइपांच्या खोल्यांची झडपं उघडतं-मिटतं. पट्टी हळू दाबा की जोरात, ऑर्गनचा आवाज बदलत नाही. लहान-मोठा होतो तो फक्त या झडपांनी. मेसामध्ये ती उघडताना स्पष्ट दिसतात. सूनबाईंना हेच दाखवा. आवाज वाढायच्या क्षणी त्या भल्यामोठ्या फळ्या एकदम तिरप्या होताना बघितल्या की ज्याला संगीतात काडीचा रस नाही तोही टेबलावर पुढं सरकून बसतो.

कन्सोलवरच्या घोड्याच्या नालेसारख्या ओळीत रंगीत जिभल्या असतात त्या स्टॉपच्या, म्हणजे कुठला आवाज चालू करायचा ते ठरवणाऱ्या. वुर्लिट्झरमध्ये साधारणपणे पांढऱ्या जिभल्या बासरीच्या जातीच्या, पिवळसर तंतुवाद्यांसारख्या आवाजाच्या, लाल जिभल्या रीडच्या, म्हणजे ट्यूबा, सॅक्सोफोन, ओबो वगैरे. वादकाचा हात कुठल्या रंगाकडे गेला ते बघून पुढं काय येणार याचा अंदाज बांधायचा. हा खेळ नातीलाही आवडेल. आणि बसायचं मध्यावर, पाइपांच्या खोल्यांना चिकटून नाही. पोस्ट हॉर्न नावाचा एक रँक आहे, तो जवळून ऐकला की कॉफी सांडते.

घरी ऐकण्यासाठी चार माणसं सांगते, जास्त नको. जेसी क्रॉफर्ड आधी. लोक त्याला ऑर्गनचा कवी म्हणत. १९२६ साली न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमधलं पॅरामाउंट थिएटर उघडलं तेव्हापासून तिथल्या ४/३६ वुर्लिट्झरवर तो बसायचा. संथ लय, मोजकी सजावट, सूर एकातून दुसऱ्यात सरकवण्याची लकब. रेकॉर्डिंग जुनं, खरखर आहे, तरी त्याच्यापासूनच सुरुवात करा, कारण पुढचे सगळे एकतर त्याच्यासारखं वाजवतात नाहीतर मुद्दाम त्याच्यासारखं वाजवत नाहीत. मुद्दाम न वाजवणारा म्हणजे इंग्लंडचा सिडनी टॉर्च, १९३०च्या दशकातला. तुटक, चपळ, जॅझच्या अंगानं जाणारा. युद्धानंतर त्यानं ऑर्गन सोडून दिला आणि ऑर्केस्ट्राचा संचालक झाला. तिसरा रेजिनाल्ड डिक्सन. ब्लॅकपूलच्या टॉवर बॉलरूममध्ये तो १९३० ते १९७० वाजवत राहिला. त्याचं ऐकताना हे नाचणाऱ्यांसाठी आहे हे डोक्यात ठेवा. पाय थबकता कामा नयेत, एवढीच त्याची अट, आणि ती त्यानं चाळीस वर्षं पाळली. चौथा जॉर्ज राइट. मूकपटांचा काळ त्यानं वादक म्हणून पाहिलाच नाही, त्याचा जन्म १९२०चा. पण १९५०च्या दशकात हाय-फाय रेकॉर्ड आल्या तेव्हा त्यानं असं काही वाजवलं, की विस्मरणात गेलेलं हे वाद्य पुन्हा लोकांच्या घरात शिरलं. मला विचाराल तर चौघांत तोच सगळ्यात वरचढ. विनोद आणि हळवेपणा एकाच गाण्यात ठेवायचा आणि दोन्ही खरे वाटायला लावायचे, हे त्याच्याइतकं कुणाला जमलेलं मी ऐकलं नाही. आजच्या वादकांत इंग्लंडचे सायमन ग्लेडहिल आणि रिचर्ड हिल्स ऐका.

पण रेकॉर्डिंगवर फार विसंबू नका. खर्जातले सोळा फुटी पाइप हेडफोनमध्ये मावत नाहीत, ते खुर्चीतून पाठीला कळतात. आणि एकदा तरी मूकपट ऑर्गनच्या साथीनं बघा. हे वाद्य ज्या कामासाठी जन्माला आलं ते काम करताना बघितल्याशिवाय त्या बेला आणि शिट्ट्यांवर मत बनवू नये. फिनिक्सच्या ऑर्फियम थिएटरमध्ये वुर्लिट्झर आहे, तुमच्यापासून काही लांब नाही. त्यांच्या कार्यक्रमांवर नजर ठेवा.

शिकण्याचं म्हणाल, तर वयाचा मुद्दा मी फेटाळते. रोझा रिओ नावाच्या बाई मूकपटांच्या काळात ऑर्गन वाजवायच्या. शंभरी ओलांडल्यावरही त्या फ्लोरिडातल्या टॅम्पा थिएटरमध्ये मूकपटांना साथ करत होत्या. २०१० साली गेल्या तेव्हा १०७ वर्षांच्या होत्या. तुम्ही ६४चे. पेटीनं तुम्हाला तीन गोष्टी आधीच दिल्यात. पट्टीवर जोर देऊन आवाज वाढत नाही, हे पियानोवाल्यांना महिनोन् महिने पटत नाही, तुम्हाला पटवायला लागणार नाही. बोट उचललं की सूर तुटतो, म्हणून एक बोट उचलायच्या आत दुसरं टेकवायची सवय तुम्हाला आहे. आणि सुरावट कानानं उचलता येते. अडेल ते डाव्या हाताशी. तो आजवर भात्यावर होता, त्याला बोटं आहेत हेच तो विसरलाय. त्याला आता कॉर्ड शिकायच्या आहेत. नवं वाद्य वगैरे काही घ्यायच्या आत, आहे त्या कुठल्याही छोट्या कीबोर्डवर नुसत्या डाव्या हातानं दहा-बारा कॉर्ड रोज घोटा, लय न सोडता. उजव्या हाताला तोवर हातही लावू देऊ नका, तो लगेच भजन वाजवायला लागेल. डावा हात बघावा न लागता चालायला लागला की डावा पाय. ऑर्गनचा शिक्षक शोधताना थिएटर शैली वाजवणारा मिळाला तर उत्तम. चर्चचा मिळाला तरी पायाचं काम त्याच्याकडून नीट शिकता येतं.

आता गॅरेज. तुमचा मुलगा बरोबर आहे.

फुकटच्या जाहिरातींत दिसतात ते जवळजवळ सगळे इलेक्ट्रॉनिक ऑर्गन, १९६०-७०च्या दशकांत लोकांनी दिवाणखान्यासाठी घेतलेले. त्यात पाइप नसतात. फुकट आहेत कारण वजन प्रचंड आणि दुरुस्त करणारे कमी. ट्रकचं भाडं आणि चार माणसांची मजुरी दिल्यावर जे घरी येईल त्यातले निम्मे सूर मुके असण्याची शक्यता मोठी. त्यातून चँडलरचं गॅरेज! जून-जुलैच्या तुमच्या उन्हात तिथं पापड वाळतील, जुनी सर्किटं टिकणार नाहीत. खऱ्या पाइप ऑर्गनचं तर नावच काढू नका. त्याला ब्लोअरची मोटर हवी, खर्जाच्या पाइपांना उंची हवी, कायम सारखं तापमान हवं. घरात असे ऑर्गन बसवणारे लोक अमेरिकेत आहेत, पण ते आधी ऑर्गन ठरवतात आणि मग त्याभोवती घर बांधतात.

हातानं वाजवायचंच असेल तर संगणक घ्या. हॉप्टवर्क नावाचं सॉफ्टवेअर आहे. खऱ्या ऑर्गनचा एकेक पाइप रेकॉर्ड करून तो संगणकातून वाजवतं, आणि थिएटर ऑर्गनचे असे संच मिळतात. ग्रँडऑर्ग त्याच धर्तीचं आणि मोफत. संगणकाला जोडायचे दोन साधे मिडी कीबोर्ड एकावर एक, एक बरा हेडफोन, एवढ्यावर तुमच्या खोलीच्या कोपऱ्यात काम चालू होतं. पायाच्या पट्ट्या वर्षभर टिकलात तर घ्या. मुलगा याला नाही म्हणणार नाही, उलट केबल जोडायला तोच बसेल.

पण काका, मला खरं सांगायचंय ते वेगळंच. तुम्ही विचारलंत काय ऐकू, काय शिकू, काय विकत घेऊ. कुठं हात लावू, हे विचारलं नाहीत. १९२७ नंतर पडदा बोलायला लागला आणि हे वाद्य अमेरिकेत दोन-चार वर्षांत बेकार झालं. इंग्लंडमध्ये ते जरा तगलं, मध्यंतरात आणि रेडिओवर. १९३९ साली युद्ध सुरू झालं तेव्हाच्या पहिल्या दिवसांत बीबीसीवर सँडी मॅकफर्सन तासन् तास ऑर्गनच वाजवत होता. पण थिएटरं पडत गेली तसे ऑर्गन भंगारात गेले, चर्चला विकले गेले, पाइप सुटे सुटे झाले. आज जे उरलेत ते कुठल्या सरकारनं किंवा कंपनीनं नाही वाचवले. छांदिष्टांनी वाचवले. १९५५ साली लॉस एंजेलिसमध्ये एका हौशी माणसाच्या घरी काही जण जमले आणि आजची अमेरिकन थिएटर ऑर्गन सोसायटी सुरू झाली. कॅलिफोर्नियात १९६२ साली हेवर्डच्या एका पिझ्झाच्या दुकानात कुणीतरी ऑर्गन बसवला आणि ते चाललं, मग तशी दुकानं ठिकठिकाणी निघाली. बहुतेक बंदही पडली. तुमचं मेसाचं टिकलं. तिथला ऑर्गन १९२७ साली डेन्व्हरच्या एका थिएटरसाठी बनला होता. दुरुस्त्या आणि भर पडत पडत तो आज सहा हजारांच्या आसपास पाइपांचा झालाय. क्रॉफर्डचा पॅरामाउंटचा ऑर्गन आज कॅन्ससमधल्या विचिटा शहरात आहे. तो तिथं पोचला तो कुणीतरी ट्रकमध्ये भरून नेला म्हणून.

हे सगळं चालू ठेवायला माणसं लागतात, आणि ती कमी पडताहेत. त्या सोसायटीची शाखा फिनिक्स परिसरातही आहे. त्यांच्या बैठकीला जा, सभासद व्हा आणि सांगा, मला वाजवता येत नाही, पण वेळ आहे. ऑर्गनच्या पोटात चामड्याच्या हजारो पिशव्या असतात. काही दशकांनी त्या फाटतात आणि एकेक सोडवून, खरवडून नव्या चिकटवाव्या लागतात. बँकेत तीस-पस्तीस वर्षं आकडे जुळवलेल्या माणसाला हे काम जमतं, आवडतंसुद्धा. सुरात लावताना दोन माणसं लागतात. एक पाइपांच्या खोलीत, रीडच्या पाइपाची तार हलकेच ठोकून सूर चढवणारा-उतरवणारा. दुसरा कन्सोलवर, ओरडून सांगितलं की एक पट्टी दाबून धरणारा. ‘पुढची’ म्हटलं की पुढची. तासन् तास. बऱ्याच ठिकाणी नव्या माणसाला आधी हेच काम देतात. तुमचा कान पेटीवर तयार झालेला आहे, सूर कधी बसला हे तुम्हाला खोलीतल्या माणसाच्या आधी कळेल, आणि त्यांना तसा माणूस हवाच असतो. एकेक रँक असा सुटा, बिनसजावटीचा, खालून वरपर्यंत ऐकायला मिळणं ही चैन हॉटेलात कधीच मिळत नाही. टिबिया ओळखायला सांगताना मी एक अख्खा परिच्छेद खर्ची घातला, तिथं एका दुपारीत ती ओळखीची होईल. आणि अशा मंडळींत काम संपल्यावर कुणीतरी म्हणतंच, ‘आता तुम्ही वाजवा थोडं.’ तेव्हा त्या डाव्या हाताच्या दहा-बारा कॉर्ड उपयोगी पडतील.

नाताळच्या किंवा उन्हाळ्याच्या सुट्टीत लॉस एंजेलिसला गेलात तर हॉलिवूडचं एल कॅपिटन थिएटर बघा. मुलांच्या सिनेमाआधी तिथं ऑर्गन वाजतो. तो सान फ्रान्सिस्कोच्या फॉक्स थिएटरचा वुर्लिट्झर. थिएटर १९६३ साली पाडलं, ऑर्गन वाचला. तिथं सिनेमाच्या वेळेच्या बराच आधी जाऊन बसा, नाहीतर नुसता सिनेमा बघून परताल.

शाखेला पहिल्यांदा जाताना बूट स्वच्छ तळव्यांचे घाला, पेडलबोर्डवर, म्हणजे पायाच्या पट्ट्यांवर, मातीच्या बुटांनी चढलेलं कुणाला चालत नाही. आणि कानात घालायचे बोळे खिशात ठेवा. तुम्ही कन्सोलवर असाल तर लागणार नाहीत. पण कुणी ना कुणी तुम्हाला आतल्या खोल्या दाखवायला नेईल, आणि तेवढ्यात बाहेरून एखाद्या उत्साही सभासदानं पोस्ट हॉर्न दाबला तर पुढचे दोन तास सूनबाईंचा फोनसुद्धा ऐकू येणार नाही.